सकाळी आठचं पाणी

१

चार दिवस हरवलेली वही अखेर सापडली, आणि सापडली ती माझ्या भाचीच्या खणात.

मंगळवारी सकाळी अकराला अनुश्रीचा फोन आला. पोट्टी रडत नव्हती. ती रडत नसली की मला जास्त भीती वाटते.

"मावशी, ऑफिसात ये ना. हे लोक मले खोटारडी म्हणून राहिले. चार वाजता मीटिंग आहे, त्याच्यानंतर शेखर सर पोलिसात चालले."

मी कुकर खाली उतरवला, पदर खोचला आणि गुढ़ियारीहून ऑटो करून तेलीबांध्याला निघाले.

मी विमला. रायपूर स्टेशनच्या पूछताछ खिडकीत एकतीस वर्षं काढली. काचेपलीकडून रोज हजार माणसं बोलायची आणि त्यातली निम्मी थापा मारायची. तारीख न सांगता गाडीची वेळ विचारणारा आला की मी खेकसायचीच. अरे बाबा, आजची गाडी वेगळी लेट, उद्याची वेगळी, मी कोणती सांगू? निवृत्त झाल्यापासून आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया हरवलेली वस्तू शोधायला माझ्याकडे येतात. अंगठीपासून नवऱ्यापर्यंत सगळं शोधून दिलंय मी. पण ही गोष्ट घरातली होती. अनुश्री आठवीपासून माझ्याकडे वाढली आहे.

तिचं ऑफिस तलावासमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथं समुद्रकिनाऱ्याचे नकाशे बनतात. रायपुरात समुद्र कुठून आला, असं लोक हसून विचारतात. पण नकाशाला कॉम्प्युटर लागतो, वाळू नाही लागत. कोकणातल्या शिंपलवाडी नावाच्या गावाच्या खाडीचं काम यांच्याकडे आलं होतं. भरतीचं पाणी जास्तीत जास्त कुठवर चढतं, तिथं एक रेषा मारायची. रेषेच्या आत, पाण्याच्या बाजूला, जे येईल ते राखायचं, बाहेर राहील तिथं भराव घालून हॉटेल उठणार. मध्ये उभी होती तिवरांची झाडी. चिखलात मुळं रोवून उधाणाचं पाणी गावाबाहेर थोपवणारी ती झाडी आत येते की बाहेर, ते त्या वहीवर ठरणार होतं.

२

दारातच दत्तोपंत भेटले. ऑफिसातले सर्वात जुने, धरणावरच्या नोकरीनंतर इथं आलेले, सगळे नकाशे तपासून सही करणारे. भोसल्यांच्या काळापासून यांचं घराणं रायपुरात. अनुश्रीला इथं चिकटवलं तेही यांनीच, आणि नकाशा वाचायलाही यांनीच शिकवलं. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. खांद्याला नेहमीची खादीची पिशवी होती.

"विमलाताई, वाईट झालं हो. पोरगी हुशार आहे, पण घाई करते. टायपिंगची चूक असेल, मी शेखरला तेच सांगून राहिलोय."

"चूक अन् चोरी यांच्यात फरक आहे ना, दत्तोपंत?"

"आहे तर. म्हणूनच जपायला हवं. मी धरणावर गेज रीडर म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं, सकाळी आठला पाण्याची पट्टी वाचायची, वहीत आकडा लिहायचा, आणि वही जिवापाड जपायची. पस्तीस वर्षं पाळलं. माझी सही आजवर कुणी खोडली नाही."

बोलताना ते अनुश्रीच्या रिकाम्या टेबलाकडे बघत होते. डोळे ओले होते. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू.

अनुश्री जिन्यात बसली होती. मी शेजारी टेकले आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग. रडगाणं नको, क्रम सांग."

तिनं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी दत्तोपंतांनी उपग्रहाच्या फोटोवरून रेषा मारली होती आणि सही केली होती. त्या रेषेत तिवरं बाहेर राहत होती. मग नियमाप्रमाणे जागेवर मोजणी करायला ऑफिसातला शिशिर गेला, पंधरा दिवस. खाडीत आकड्यांची पट्टी रोवली. ती वाचायला आणि वही भरायला गावातला एक कोळी ठेवला, आणि शिशिर स्वतः मशीन घेऊन काठ मोजत फिरला. वही आली, अनुश्रीनं आकडे कॉम्प्युटरात भरले, तर रेषा दोनशे मीटर जमिनीकडे सरकली. सगळी तिवरं आत आली.

"काहून सरकली?"

"फोटो काढला तेव्हा पाणी उतरलेलं होतं, मावशी. म्हणून पंतांची रेषा चुकली. मी त्यांनाच पहिले दाखवलं. ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी वही कपाटातून गेली. मी सोमवारी स्कॅन करणार होती. आज शेखर सरांनी सगळ्यांचे खण उघडायला लावले, तं माझ्यात निघाली. अन् तिच्यातले आकडे माझ्या आकड्यांशी जुळतच नाहीत."

"तू नीट पाहिले?"

"घाईत एक पान दाखवलं, अक्षरही ओळखू आलं नाही, अन् हिसकून घेतली. पुरावा म्हणे. सर म्हणतात, मले झाडांचं वेड आहे म्हणून मी आकडे वाढवून भरले, अन् पकडली जाऊ नये म्हणून वही लपवली."

"त्या कोळ्याले फोन केला?"

"बोटीवर आहे. चार दिवस फोन लागून नाही राहिला."

मी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "आकडे वाढवले तू?"

"नाही."

माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. चार वाजायला साडेचार तास होते.

३

ऑफिसचा शिपाई शालिग्राम कोपऱ्यात पाण्याची कॅन चढवत होता. त्याला विचारलं, सुट्टीच्या रविवारी ऑफिसात कोण आलं होतं?

"सबो आय रिहिन, दीदी. मीटिंग के तियारी रिहिस न."

"खणाले कुलूप असते?"

"नहीं."

"अन् कोऱ्या वह्या कुठं राहतात?"

त्यानं उघड्या रॅककडे बोट दाखवलं. तिथं मोजणीच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांचा ढीग पडला होता. ज्याला पाहिजे त्यानं उचलावी. म्हणजे खण उघडा, रॅक उघडा आणि सगळे हजर. वस्तूंवरून काही कळणार नव्हतं. जे कळायचं ते डोक्यानंच.

मग मी शेखरच्या केबिनचं दार ढकललं. शेखर म्हणजे या ऑफिसचा मालक. याच्या बापाचं पंडरी बाजारात कापडाचं ठोक दुकान, हा पोट्टा कॉम्प्युटरमध्ये शिरला. दंडावर बाह्या सरसावून बसला होता.

"मौसी, आप बीच में मत पडो. हॉटेलवाली मोठी पार्टी आहे, चारच्या मीटिंगला सरकारी समिती आहे. माझी कंपनी ब्लॅकलिस्ट होऊन जाईल."

"होऊ दे. आधी वही दाखव."

"ती पुरावा आहे."

"अन् मी काय खाऊन टाकते का तिले? तुझ्यासमोर पाहते. तुझ्या आईच्या चेन्नई गाडीचं रिझर्वेशन हरवलं होतं तेव्हा कोणी शोधून दिलं होतं रे?"

 खणातून वही काढून त्यानं माझ्यापुढे सरकवली.

निळा पुठ्ठा, कोपरे टोकदार. आत पेन्सिलीनं ओळीनं पंधरा दिवस. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, पाण्याची उंची. मी चष्मा लावला. पहिला दिवस, भरती, सकाळी आठ, दोन मीटर दहा. दुसरा दिवस, सकाळी आठ, दोन मीटर नऊ. तिसरा, सकाळी आठ, दोन मीटर नऊ. चौथा, सकाळी आठ, दोन मीटर आठ. असं करत करत पंधराव्या दिवशी सकाळी आठ, दोन मीटर एक.

अक्षर टापटीप, कुठं खाडाखोड नाही. खाडीच्या चिखलात पंधरा दिवस वावरलेल्या वहीवर चिखलाचा एक ठिपकाही नाही. पण ती बाब मी बाजूला ठेवली. नीटनेटकी माणसं असतात जगात.

मला आठवली पुरी. रिटायरमेंटच्या वर्षी आम्ही पाच बाया जगन्नाथाला गेलो होतो, आठ दिवस. पहिल्या सकाळी मी चपला वाळूत काढल्या आणि पाणी अगदी चपलांपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेले तर पाणी अजून यायचंच होतं. चौथ्या दिवशी तर ते पार लांब होतं. मी चहावाल्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, माँजी, समुद्र रोज पाऊण तास लेट येतो. मला इतका आनंद झाला, काय सांगू! एकतीस वर्षं लेट गाड्या सांभाळल्या, पण अशी शिस्तीत लेट होणारी गाडी पहिल्यांदा भेटली.

आणि या वहीतला समुद्र मात्र पंधरा दिवस आठच्या ठोक्याला हजर होता!

४

मी वही परत दिली आणि विचारलं, "शेखर, त्या शिंपलवाडीच्या खाडीत सकाळी आठला पाणी कुठं असते रे?"

तो वैतागला. "मौसी, मला काय माहीत? मी कापडाच्या घरचा. पाणी, भरती, सगळं दत्तोपंत पाहतात. ते म्हणाले वही बरोबर आहे, मग बरोबर आहे."

"त्यांनी पाहिली?"

"आज सकाळीच. म्हणाले, आकडे एकदम व्यवस्थित."

बाहेर शिशिर होता. मोजणीवाला, उन्हानं रापलेला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतो. त्याला तोच प्रश्न टाकला.

"सुबह आठ बजे?" त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "कौन सी तारीख को, मौसी?"

"असंच विचारलं. सापडलेली वही तू पाहिली?"

"सर ने हाथ ही नहीं लगाने दी. लेकिन अनुश्री ऐसा नहीं कर सकती. मैंने सर को बोला भी."

जिन्यात जाऊन अनुश्रीला विचारलं. ती नाक पुसत म्हणाली, "सकाळी आठला? कोणत्या तारखेले?"

मला तिथंच तिची पापी घ्यावीशी वाटली.

शेवटी दत्तोपंत. ते डबा उघडून बसले होते, पण घास उचलत नव्हते. मी समोर बसले.

"दत्तोपंत, एक सांगा. त्या खाडीत सकाळी आठला पाणी कुठवर असतं?"

ते सहज म्हणाले, "कुठवर म्हणजे? असतं तिथंच असणार. उन्हाळ्यात रोज केसभर उतरेल, एवढंच. पाणी म्हणजे पाणी, विमलाताई."

मी मान हलवली आणि उठले. नाव मला कळलं होतं. एरवी असं कळलं की मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. या माणसानं माझ्या पोरीला पहिली पेन्सिल हातात दिली होती.

पण मग अनुश्रीचा जिन्यातला चेहरा आठवला, आणि माझा राग परत जागेवर आला.

५

तीन वाजता मी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. शेखर घड्याळ बघत होता.

"मौसी, एक घंटा उरला."

"पुष्कळ आहे. ही वही खाडीत लिहिलेली नाही. ती इथं, रायपुरात लिहिली."

शिशिर ताडकन उठला. मी त्याला बसवलं आणि वही त्याच्या हातात दिली. त्यानं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि हसायलाच लागला.

"ये क्या मजाक है! रोज आठ बजे भरती?"

"पाहा शेखर," मी म्हटलं, "समुद्राची भरती रोज पाऊण-एक तास मागं सरकते. दिवसातून दोनदा येते. अमावस्या-पौर्णिमेला मोठी, अष्टमीच्या सुमारास लहान. या वहीत एकच भरती, एकाच वेळेला, अन् आकडे रोज केसभर उतरून राहिले. समुद्र असा वागत नाही. उन्हाळ्यातलं धरण असं वागते."

 दत्तोपंत टेबलाकडे बघत होते.

"आता लिहिणारा कोण? शिशिर पंधरा दिवस तिथं राहिला, तो असं लिहिणार नाही. अनुश्री रोज भरतीचेच आकडे भरते, तीही नाही. मी दोघांना आठच्या पाण्याचं विचारलं, तं दोघांनी मलेच विचारलं, तारीख कोणती? शेखर, तुले विचारलं तं तू म्हणाला माहीत नाही. ज्याले पाण्याचं काहीच माहीत नाही, तो आठ कशाले लिहीन? बारा लिहीन, पाच लिहीन, काहीही लिहीन. आठ कोण लिहिते? ज्यानं पस्तीस वर्षं सकाळी आठला पट्टी वाचली, तो. खोटं लिहितानाही त्याचा हात आठवरच गेला."

शेखर आ वासून दत्तोपंतांकडे वळला. "पंत?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला. 

"पैसे घेतले नाहीत," ते म्हणाले. "देवाशप्पथ, पार्टीचा चहासुद्धा नाही घेतला."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुमची सही वाचवायची होती."

"त्या फोटोवर मी सही करून बसलो होतो. पोरीनं नकाशा आणून दाखवला. ती बरोबर होती की नाही, ते मला उमगेना. भरती मला कुठं माहीत आहे? मी समुद्र पाहिलेलाच नाही, विमलाताई. कुणाला सांगायची लाज वाटायची. कपाटातली वही नेली, पण उघडायचा धीर झाला नाही, मनानंच आकडे लिहिले. वाटलं, टायपिंगची चूक म्हणून निभावून जाईल. शेखर दोन शब्द बोलेल आणि विषय संपेल. पोलिसाचं माझ्या डोक्यात नव्हतं."

"अन् डोक्यात आल्यावर?" मी टेबलावर हात आपटला. "सकाळपासून ती पोट्टी जिन्यात बसली आहे. तुम्ही तिच्यासमोरून तीनदा गेले. तोंडात काय बोळा कोंबला होता? तुमची सही म्हणजे सोनं, अन् तिचं नाव काय रद्दी आहे?"

 अनुश्री दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पण खरी वही?" शेखर घाबरून म्हणाला. "ती फाडली असेल तर संपलंच. नुसत्या अनुश्रीच्या आकड्यांवर समिती ऐकणार नाही."

"फाडली नाही," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं वही जिवापाड जपणारा माणूस खोटी वही लिहू शकते, खरी फाडू शकत नाही. घरी ठेवायचीही हिंमत नाही होणार त्याची. काखेत कळसा अन् गावाला वळसा चालला आहे आपला. दत्तोपंत, काढा पिशवीतून."

६

खादीच्या पिशवीतून, डब्याच्या खालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही निघाली. पुठ्ठा फुगलेला, पानं मिठानं कडक झालेली, एका कोपऱ्याला वाळलेला चिखल. शिशिरनं ती दोन्ही हातांनी घेतली.

आत त्या कोळ्याचं तिरकं अक्षर होतं. वेळेच्या आधी त्यानं तिथी लिहिली होती. प्रतिपदा, पाऊण वाजता. द्वितीया, दीड. तृतीया, सव्वादोन. मध्ये एके ठिकाणी 'अष्टमी, पाणी लहान', आणि शेवटी, 'अमावस्या, उधाण, पाणी तिवरांच्या पार, तीन मीटर चाळीस.' अनुश्रीनं कॉम्प्युटर उघडला. एकेक आकडा जुळला.

शेखर अनुश्रीकडे गेला आणि हात जोडले. "सॉरी. मी उचलली जीभ लावली टाळ्याला."

"माझ्या मावशीलेही सॉरी म्हणा," ती म्हणाली. "तिचा कुकर अर्धवट राहिला."

चार वाजायला पाच मिनिटं होती. शेखरनं दत्तोपंतांना सांगितलं की तुम्ही घरी जा, मीटिंग आम्ही पाहतो, नंतरचं नंतर बोलू. दत्तोपंत उठले. दारापर्यंत गेले आणि अनुश्रीपाशी थांबले.

"मला माफ करू नकोस," ते म्हणाले. "पण आज मला तिथं बसू दे. जुनी सही मी केली, खोडेनही मीच."

अनुश्रीनं माझ्याकडे पाहिलं.  हा निर्णय तिचा होता. तिनं आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली.

पडद्यावर समितीचे लोक आले, दूर मुंबईहून. एका बाजूला पार्टीचा वकील होता, गुळगुळीत बोलणारा. अनुश्रीनं नकाशा मांडला, खरी वही कॅमेऱ्यापुढे धरली आणि पान न पान उलटून दाखवलं. तिचा आवाज एकदाही कापला नाही. मी शालिग्रामच्या स्टुलावर भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला रडू येत होतं, म्हणून मी पाणी पीत राहिले.

वकील म्हणाला, "पण याच ऑफिसचा आधीचा नकाशा वेगळा आहे. त्यावर वरिष्ठांची सही आहे. दत्तोपंत आपणच ना?"

"मीच," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी जुना नकाशा समोर घेतला, लाल पेन काढलं आणि कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. "ही सही चुकीची. त्यानंतर मी याहून वाईट चूक केली, तीही लेखी देणार आहे. या मुलीचा नकाशा खरा आहे."

वकील सावध झाला. त्यानं सूर बदलला. "पंत, आपण एवढे अनुभवी. उगाच भावनेच्या भरात बोलू नका. साधं सांगा, उपग्रहाचा फोटो सकाळी आठचा आहे. सकाळी आठला त्या खाडीत पाणी आपल्या जुन्या रेषेपर्यंतच असतं, हो की नाही?"

 शेखरनं डोळे मिटून घेतले. दत्तोपंतांनी चष्मा चढवला, चिखल लागलेली ती वही पुढे ओढली आणि पहिलं पान उघडलं.

"सांगतो ना," ते म्हणाले. "कोणत्या तारखेला?"